दम धरण्याचा हिशेब

२०२१च्या एप्रिलमध्ये नागपुरात आजारी माणसाची चौकशी दोन आकड्यांवर चालायची : ऑक्सिजन किती आणि स्कोर किती. स्कोर म्हणजे एचआरसीटीचा, फुप्फुसांच्या बारीक कापांच्या सीटी तपासणीचा. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. रामदासपेठ, धंतोलीतल्या सीटी सेंटरसमोर रांगा लागल्या होत्या आणि ‘अठरा आला’, ‘नऊच आहे’ असे निरोप फोनवरून गावोगाव जात होते. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारने या तपासणीचे दर बांधून दिले होते. सोळापेक्षा कमी स्लाइसच्या (एका फेरीत निघणाऱ्या कापांच्या) यंत्रावर दोन हजार, सोळा ते चौसष्टला अडीच हजार, त्यावरच्याला तीन हजार. दर ठरवताना सरकारने मोजल्या त्या यंत्राच्या स्लाइस. स्कोरचा आकडा मात्र आणखी एका गोष्टीवर अवलंबून होता आणि तिला दरपत्रकात रकाना नव्हता : टेबलावर झोपलेल्या माणसाने त्या काही सेकंदांत श्वास नीट भरून धरला होता का?

हे बारीकसारीक वाटेल, पण नाही. पूर्ण श्वास घेतलेल्या निरोगी फुप्फुसाची घनता सीटीच्या मोजपट्टीवर उणे ८५०च्या आसपास असते, पाण्याची शून्य. श्वास सोडला की हवा कमी होते, तेवढ्याच जागेत रक्त आणि ऊती दाटतात आणि आकडा उणे ७००कडे सरकतो. पडद्यावर फुप्फुस करडं दिसू लागतं, विशेषतः पाठीकडचा भाग. कोविडमध्ये ज्याची सगळ्यांना धास्ती होती ते ‘ग्राउंड ग्लास’ही असंच करडं, दुधी काचेसारखं दिसतं. म्हणजे दम न धरवलेल्या माणसाचा स्कोर आजार तेवढाच असूनही फुगू शकतो. अनुभवी रेडिऑलॉजिस्ट आधी श्वासनलिकेकडे नजर टाकतो. तिची मागची भिंत पूर्ण श्वासात बाहेर फुगलेली किंवा सरळ असते, श्वास सोडल्यावर आत झुकते. ती आत झुकलेली दिसली तर करड्या भागाबद्दल तो हात राखून लिहितो. रिपोर्टात एक ओळ येते : श्वासाच्या हालचालीमुळे अर्थ लावण्यास मर्यादा आहेत. नातेवाईक ती ओळ वाचत नाहीत, स्कोर वाचतात.

या प्रश्नाचा पसारा कोविडपेक्षा जुना आणि बराच मोठा आहे. शांत झोपलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो, म्हणजे एक आवर्तन साधारण तीन ते पाच सेकंदांचं. एवढ्यात श्वासपटल एक-दोन सेंटिमीटर खालीवर होतं. खोल श्वासात दहा सेंटिमीटरपर्यंतही जातं. त्याच्यासोबत यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं, स्वादुपिंड असा पोटाचा वरचा सगळा संसार हलतो. फुप्फुसाचं टोक जवळपास स्थिर असतं, तळ सर्वांत जास्त हलतो. सीटीचं गणित मात्र एक गोष्ट गृहीत धरून बसलेलं असतं : क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरत असताना आतली वस्तू जागची हलली नाही. हे गृहीतक मोडलं की एका कोनातून घेतलेली माहिती दुसऱ्या कोनाशी जुळत नाही आणि यंत्र दोन्हींचा मेळ घालायला जाऊन तिसरंच काही दाखवतं. श्वासपटलाची कड दुहेरी येते. फुप्फुसाच्या दोन खंडांमधली बारीक रेघ दोनदा उमटते आणि श्वासनलिकेची शाखा फुगल्याचा भास होतो. चार-पाच मिलिमीटरची गाठ पुसली जाते, किंवा आहे त्यापेक्षा मोठी आणि धूसर दिसते.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिला रुग्ण तपासला गेला, तो मेंदूसाठी. एका कापाला काही मिनिटं लागायची. डोकं बांधून स्थिर ठेवता येतं, छाती येत नाही, त्यामुळे सुरुवातीला हा डोक्यापुरताच मामला राहिला. अमेरिकेत रॉबर्ट लेडली यांनी १९७३-७४च्या सुमारास सबंध शरीराचं यंत्र आणलं, पण तेही एका कापाला मिनिटं खायचं. १९७५ मध्ये ईएमआय कंपनीचं शरीराचं यंत्र आलं ते वीस सेकंदांत एक काप काढणारं. बहुतेकांना वीस सेकंद दम धरता येतो, असा त्यामागे हिशेब. पण छातीला तीस-चाळीस काप लागत आणि प्रत्येक कापाला नवा श्वास. दोन श्वास कधी सारखे नसतात. एखादी लहान गाठ एका कापाच्या वेळी वर आणि पुढच्या कापाच्या वेळी खाली असली, तर ती दोन्ही कापांतून निसटायची.

यातून सोडवलं ते १९८९ मध्ये. विली कॅलेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळी सतत फिरती आणि टेबल सतत सरकतं ठेवून सर्पिल सीटी मांडली; एका श्वासात सबंध छाती, हाच तिचा दावा होता. पुढची गोष्ट वेगाची. १९९८ मध्ये चार स्लाइस, २००४ मध्ये चौसष्ट, २००५ मध्ये दोन नळ्यांचं यंत्र, २००७ मध्ये एका फेरीत सोळा सेंटिमीटर रुंदीचा भाग टिपणारं ३२० ओळींचं.

आज नागपुरात काय फरक पडतो ते साध्या गुणाकाराने कळतं. तीस सेंटिमीटरची छाती चौसष्ट स्लाइसवर तीन-चार सेकंदांत होते. सोळा स्लाइसवर जाड काप घेतले तर सात-आठ सेकंद, पातळ काप हवे असतील तर बारा ते पंधरा. निरोगी माणसाला पंधरा सेकंद म्हणजे काहीच नाही. पण निरोगी माणूस छातीचा सीटी काढायला येतो कशाला? येतो तो क्षयरोगाने एक फुप्फुस आकसलेला, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा विडीत काढलेला, उमरेड-चंद्रपूर पट्ट्यातल्या कोळसा खाणीत नोकरी केलेला, सिकलसेलच्या दुखण्याने छातीत कळ मारत असलेला. सिकलसेल विदर्भाच्या पाचवीलाच पुजलेला आहे आणि फासळीखाली कळ येत असताना खोल श्वास घ्या म्हणणं सोपं, घेणं कठीण. पाच सेकंदांतही या मंडळींचा दम सुटतो. यंत्रं वेगवान झाली तरी प्रश्न इथे शिल्लक राहतो.

टेबलाजवळ जाऊन पाहिलं तर तो आणखी स्पष्ट होतो. यंत्राच्या कड्यातून (गँट्रीतून) आवाज येतो : श्वास घ्या, रोखा. आवाज थांबल्यावर नळी चालू व्हायला मध्ये दोन-चार सेकंदांची फट ठेवलेली असते, फुप्फुस स्थिर व्हावं म्हणून. नेमका त्या फटीत घोळ होतो. रुग्णाला वाटतं झालं, तो दम सोडतो. आणि यंत्राची घरघर ऐकू आली की दचकून पुन्हा घेतो. काही जण ‘रोखा’ म्हटल्यावर श्वास भरायला सुरुवात करतात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिलेलं असेल तर अंगातून गरम लाट जाते. ती येणार हे आधी सांगितलं नसेल तर माणूस धसकून धाप टाकतो. त्यात आवाजाची भाषा. नागपूरला रुग्ण येतात ते गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव, आदिलाबादेतून; घरी गोंडी, माडिया, छत्तीसगढी, तेलुगू बोलणारे. यंत्रातून कोरी हिंदी किंवा इंग्रजी ऐकू आली तर सत्तरीची म्हातारी काय करणार? बहुतेक यंत्रांत हव्या त्या भाषेतली सूचना ध्वनिमुद्रित करून ठेवता येते. पाच मिनिटांचं काम आहे. एखाद्या नर्सचा किंवा वॉर्डबॉयचा आवाज त्यात गोंडीतून भरून ठेवायला कोणाची मंजुरी लागत नाही.

जुन्या टेक्निशियन लोकांकडे या बाबतीत पोतडीभर युक्त्या असतात आणि त्यातल्या बहुतेक पुस्तकातही आहेत. रुग्णाला टेबलावर घेण्याआधी दोनदा सराव करून घ्यायचा, आपला हात त्याच्या पोटावर ठेवून. स्कॅनच्या आधी दोन-तीन खोल श्वास घ्यायला लावायचे, म्हणजे शेवटचा जास्त वेळ टिकतो. धाप लागत असेल तर नाकातून ऑक्सिजन चालू ठेवायचा. स्कॅन खालून वर घ्यायचा : जास्त हलणारा तळ सुरुवातीलाच, दम ताजा असताना, उरकतो आणि शेवटी श्वास सुटला तरी वरच्या टोकाला फारसं बिघडत नाही. अगदीच जमत नसेल तर ‘रोखा’ म्हणण्याऐवजी ‘हळूहळू, उथळ श्वास चालू ठेवा’ म्हणणं बरं. अर्धवट रोखून मध्येच सुटलेल्या श्वासापेक्षा संथ चालणारा श्वास कमी नुकसान करतो. तेही न जमल्यास पुन्हा स्कॅन, म्हणजे किरणांचा डोस पुन्हा तेवढाच.

जास्तीत जास्त श्वास भरणं हेच नेहमी बरोबर असंही नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे का, हे पाहायला कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करतात. त्या वेळी माणसाने जोराने हवा ओढली तर पोटाकडून येणारं, कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त एकदम हृदयात घुसतं आणि वाहिनी नेमकी हव्या त्या क्षणी फिकी पडते. गुठळी असूनही ठरवता येत नाही, किंवा नसताना संशय येतो. इथे सांगायचं असतं ते साधारण श्वास घेऊन तिथेच थांबायला. सीटीखाली सुई घालून गाठीचा तुकडा काढताना वेगळंच हवं असतं : श्वास कितीही घ्या, पण दर वेळी तेवढाच घ्या. लहान मुलांचा तर प्रश्नच निराळा. त्यांना पूर्वी झोपेचं औषध द्यावं लागे. दोन नळ्यांच्या वेगवान यंत्रावर छाती सेकंदाच्या आत होते, त्यामुळे आता ते पुष्कळदा टाळता येतं.

निदानापुरता विचार केला तर चित्र बिघडलं की पुन्हा काढता येतं. किरणोपचारात, ज्याला आपल्याकडे लोक ‘शेक’ म्हणतात, तसं नसतं. तिथे सीटी हा नकाशा असतो आणि पुढचे कित्येक दिवस त्याच नकाशावर बेतून किरण सोडले जातात. फुप्फुसाच्या खालच्या भागातली सुटी गाठ श्वासागणिक सरासरी बारा मिलिमीटर वरखाली जाते, असं सेप्पेनवूल्डे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं. हे मोजमाप जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात गाठीजवळ दोन मिलिमीटरचे सोन्याचे मणी बसवून झालं होतं. गाठ एका बाजूला असताना नकाशा काढला आणि किरण सोडताना ती दुसऱ्या बाजूला असली, तर डोस निरोगी फुप्फुसाला आणि गाठ कोरडी. यावर पूर्वीचा उपाय म्हणजे चहूबाजूंनी मोठी किनार धरायची. ती सुरक्षित वाटते, पण तिच्यात चांगलं फुप्फुस भाजतं, आणि या रुग्णांकडे चांगलं फुप्फुस आधीच थोडं असतं.

२००३-०४च्या सुमारास अमेरिकेतल्या दोन-तीन गटांनी चारमितीय सीटी, म्हणजे फोर-डी सीटी, प्रत्यक्षात आणली. कल्पना सुटसुटीत आहे. रुग्णाच्या पोटावर परावर्तक ठिपके लावलेली प्लॅस्टिकची लहान डबी ठेवतात, अवरक्त कॅमेरा तिची वरखाली टिपतो. टेबल अगदी सावकाश सरकतं, इतकं की शरीराचा प्रत्येक भाग निदान एका पूर्ण श्वासभर किरणांखाली राहावा. मग हजारभर प्रतिमा, पिसलेला पत्त्यांचा जोड रंगाप्रमाणे लावावा तशा, श्वासाच्या दहा टप्प्यांत लावून घेतात. पडद्यावर गाठ नाचताना दिसते आणि ती फिरते तेवढीच जागा आखता येते. अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये टास्क ग्रुप ७६चा अहवाल काढला, तो आजही या विषयाचा पाया धरला जातो. गाठ पाच मिलिमीटरहून जास्त हलत असेल आणि रुग्णाला झेपत असेल तर श्वासाचं व्यवस्थापन करा, असा त्याचा दंडक.

पण फोर-डी म्हणजे सगळं सुटलं असं मानणारे त्याच्या प्रतिमा जवळून पाहत नसावेत. श्वास नियमित असेल तरच पत्ते नीट लागतात. खोकला आला, उसासा सुटला, झोप लागली की एका टप्प्यात दुसऱ्याचे काप येतात आणि यकृताला पायऱ्या पडतात. स्टॅनफर्डच्या गटाने २००८ मध्ये पन्नास रुग्णांचे असे स्कॅन तपासले, त्यातल्या पंचेचाळीस जणांत कुठे ना कुठे दोष सापडला. शिवाय किरणांचा डोस साध्या सीटीच्या कित्येक पट. श्वासाची लय पाहून तत्क्षणी स्वतःला जुळवून घेणारी नवी यंत्रं आली आहेत, कृत्रिम बुद्धिमत्तेने धूसरता काढणाऱ्या प्रणालीही आल्या आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत सावध आहे. जे टिपलंच गेलं नाही ते अंदाजाने भरून सुबक दाखवणाऱ्या प्रतिमेपेक्षा, इथे बिघडलंय हे उघड सांगणारी प्रतिमा किरण सोडणाऱ्याच्या जास्त कामाची.

विदर्भात कर्करोगाचा भार वाहणाऱ्या संस्था मोजक्या : राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकलचा (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा) विभाग, शिवाय काही खासगी रुग्णालयं. मेडिकलमध्ये स्वतंत्र कर्करोग संस्था व्हावी ही मागणी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली आणि तिथलं किरणोपचाराचं जुनं कोबाल्ट यंत्र बदलून लिनॅक (रेखीय त्वरक) कधी येणार, हा वर्तमानपत्रांचा वर्षानुवर्षांचा विषय होऊन बसला. अशा ठिकाणी फोर-डीची चर्चा श्रीमंती थाटाची वाटेल. पण टास्क ग्रुप ७६ने फोर-डीच्या जोडीला आणखी दोन साधे मार्ग सांगितले आहेत. एक सावकाश घेतलेला स्कॅन, ज्यात गाठीची फिरती सावली उमटते. दुसरा, साध्या श्वासाच्या शेवटी एक आणि सोडल्यावर एक असे दोन स्कॅन घेऊन एकमेकांवर ठेवणं. दोन्ही कुठल्याही सोळा स्लाइसवर जमतात. तिसरी गोष्ट पोटावर दाबाची पट्टी बांधून श्वासपटलाची उडी आखूड करण्याची. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये लॅक्स आणि ब्लॉमग्रेन यांनी १९९०च्या दशकात नेमक्या किरणोपचाराची सुरुवात केली, ती याच दाबावर. तिला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, वेळ लागतो.

डाव्या स्तनाच्या कर्करोगात तर श्वास औषधासारखा वापरतात. खोल श्वास भरला की फुप्फुस फुगून हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकतं. तेवढ्यात किरण सोडले की हृदय वाचतं. हे किती मोलाचं, ते सारा डार्बी आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या अभ्यासातून कळतं. स्वीडन आणि डेन्मार्कच्या दोन हजारांवर स्त्रियांची माहिती पाहून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की हृदयाला सरासरी एक ग्रे (किरणांच्या डोसचं एकक) डोस जास्त गेला की पुढे हृदयविकाराच्या गंभीर घटनेचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिला आहे. या पद्धतीला लागतं काय? वीस-पंचवीस सेकंद दम धरता येणारी बाई आणि तिला ते शिकवणारं कोणीतरी.

आता नागपूरकर म्हणेल, मग प्राणायाम आहेच की! रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ पासून पूरक-कुंभक-रेचक शिकवतंय. आणि श्वासाची क्रिया किरणांखाली पाहण्याची परंपराही आपल्याकडे जुनी. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून उड्डियान, नौली करताना पोटात काय घडतं याचे क्ष-किरणांचे प्रयोग छापले. कुंभकाची सवय असलेल्या बाईला इथे फायदा होतो, यात शंका नाही. फक्त एक पथ्य. योगवर्गात श्वास लांबवत नेणं चांगलं मानतात. इथे तो लांबवायचा नाही. नकाशाच्या दिवशी जेवढा भरला तेवढाच पुढचे पंधरा-पंचवीस दिवस रोज भरायचा, एका-दोन मिलिमीटरच्या फरकाने. कमी चालत नाही तसा जास्तही चालत नाही. शिकवणारा योगशिक्षक असो की टेक्निशियन, त्याला हे नेमकं सांगून ठेवायला हवं.

पेट-सीटीत, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून शरीरभर गाठी शोधणाऱ्या तपासणीत, हाच घोटाळा वेगळ्या वेशात येतो. सीटीचा भाग काही सेकंदांत होतो, पेटचा भाग मिनिटं चालतो आणि त्यात श्वास घेणं-सोडणं चालूच असतं. सीटी खोल श्वासात घेतला गेला तर यकृताच्या माथ्यावरची गाठ फुप्फुसाच्या तळाशी असल्यासारखी दिसते आणि आजाराची पायरी चुकीची ठरते. म्हणून पेट-सीटीत दम भरायला सांगत नाहीत, संथ श्वास घेत राहायला सांगतात. आधी साधा सीटी काढलेले रुग्ण सवयीने श्वास रोखतात, हे तिथल्या लोकांच्या नेहमीच्या डोकेदुखीपैकी एक.

एवढं सगळं पाहिल्यावर माझा कौल स्पष्ट आहे. विदर्भातल्या बहुतेक सेंटरांना आज आणखी स्लाइसपेक्षा आणखी दहा मिनिटांची जास्त गरज आहे. दिवसाला साठ-सत्तर स्कॅन उरकायचे असतील तर सरावाला वेळ उरत नाही, आणि त्या वेळाचे पैसे ना विमा देतो, ना सरकारी दरपत्रक, ना रुग्ण. सरकारने पुढच्या वेळी दर बांधताना स्लाइससोबत श्वासाच्या सरावाचाही रकाना ठेवावा, स्थानिक भाषेतली ध्वनिमुद्रित सूचना सक्तीची करावी आणि श्वासामुळे फेरस्कॅन किती झाले याची नोंद सेंटरकडे मागावी.

तोवर काही गोष्टी तुमच्या हाती आहेत. छातीचा किंवा पोटाचा सीटी ठरला असेल, तर टेबलावर झोपण्याआधी टेक्निशियनला सांगा : ऐकायला कमी येतं का, झोपल्यावर धाप लागते का, किती मोजेपर्यंत दम धरता येतो, कोणती भाषा कळते. एकदा सराव करून घ्या म्हणा. कॉन्ट्रास्ट असेल तर गरम लाट कधी येणार ते विचारून ठेवा. आणि आईवडिलांना घेऊन गेला असाल, तर रिपोर्टातला आकडा वाचण्याआधी वरची ती श्वासाच्या हालचालीची ओळ आहे का, ते पाहा. असेल तर उपचार ठरवण्याआधी ती डॉक्टरांना दाखवा.